स्पामध्ये नेमकं बरं काय होतं? गरम पाण्याची दोन हजार वर्षांची गोष्ट



अलीकडे दवाखान्यात एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलांनी आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्पाचं कूपन दिलेलं असतं. वडिलांना बीपीची गोळी चालू असते, आईची शुगर वरखाली होत असते. मग दोघं विचारतात, "डॉक्टर, स्टीम घेतली तर चालेल ना? आणि खरंच काही फायदा होतो का हो त्याचा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. यातला दुसरा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात छान सापडतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. शेवटी तुमच्या उपयोगाच्या सूचना आहेतच, पण त्या अशा का आहेत हे मधली गोष्ट वाचल्यावर पटेल.

आधी शब्दाबद्दल. 'स्पा' हे कुठल्या तरी लॅटिन वाक्याचं लघुरूप आहे, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तो मागाहून जुळवलेला अर्थ आहे. स्पा हे बेल्जियममधलं एक लहानसं गाव आहे. तिथल्या लोहयुक्त झऱ्यांचं पाणी प्यायला युरोपभरातून लोक जात. त्या गावाचं नाव पुढे अशा सगळ्याच जागांना चिकटलं. गंमत म्हणजे या मूळ स्पाचं नाव झालं ते थंड पाण्याच्या झऱ्यांमुळे!

रोमन लोकांचा क्रम

गरम पाण्याची गोष्ट इंग्लंडमधल्या बाथ गावात चांगली कळते. तिथे जमिनीतून सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी वर येतं, रोज दहा लाख लिटरहून जास्त. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी तिथे सुलिस मिनर्वा या देवीचं मंदिर आणि शेजारी भव्य स्नानगृह बांधलं. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला देवस्थान आणि गरम पाण्याची कुंडं जशी शेजारी शेजारी आहेत, तसाच प्रकार. वाफाळणारं पाणी जमिनीतून आपोआप वर येताना दिसलं की माणसाला तिथे देव आठवतो, मग तो तानसा नदीचा काठ असो नाहीतर इंग्लंड.

रोमन स्नानाला एक क्रम होता. आधी कपडे काढायची खोली, मग कोमट खोली, मग गरम खोली, शेवटी थंड पाणी. त्याच्या आधी किंवा मध्ये थोडा व्यायाम आणि तेल लावून अंग खरवडणं. एकदम गरम पाण्यात उडी मारायची पद्धत नव्हती. शरीराला हळूहळू तापवायचं आणि नंतर थंड करायचं. हा क्रम आजही शास्त्राला धरून आहे.

बाथच्या झऱ्यात शिसं आणि कथिल यांच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शाप सापडले आहेत. त्यातले बरेचसे चोरीबद्दल आहेत. आंघोळ करून बाहेर यावं तर कपडेच गायब! मग देवीकडे लेखी तक्रार. स्पामध्ये मौल्यवान वस्तू नेऊ नका ही सूचना तेव्हाही लागू होती, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे चरकांनी काय सांगितलं

घाम काढण्याच्या उपचाराला आयुर्वेदात स्वेदन म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदनाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यात गरम द्रवात बसून घेण्याचा 'अवगाह' आहे, तापवलेल्या खोलीत बसून घाम काढण्याचा 'जेंताक'ही आहे.

मला त्या अध्यायातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वेदन कोणाला देऊ नये याची यादीच तिथे आहे. गर्भवती, नेहमी मद्य घेणारे, जुलाब होत असलेले, मधुमेही अशी नावं त्यात येतात. आजच्या स्पाच्या दारावर जी पाटी असायला हवी, ती जवळजवळ तशीच शतकांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. कारणांची मांडणी वेगळी होती, पण निरीक्षण नेमकं होतं. उष्णता हा उपचार मानला तर त्याचे अपायही मानावे लागतात, हे त्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाथचं हॉस्पिटल आणि शिशाचे रोगी

आता थेट अठराव्या शतकात येऊ. बाथ तोपर्यंत श्रीमंतांचं फॅशनेबल गाव झालं होतं. सकाळी लवकर उठून जाडसर कापडाचे अंगरखे घालून लोक गळाभर गरम पाण्यात बसत, नंतर पंप रूममध्ये तेच खनिजयुक्त पाणी पीत, मग फिरणं, नाश्ता, गप्पा, संगीत. मुक्काम काही आठवड्यांचा असे.

गरिबांनाही हे पाणी मिळावं म्हणून तिथे एक धर्मादाय हॉस्पिटल उभारलं गेलं. १७४२ मध्ये ते रुग्णांसाठी उघडलं. तिथे बाथबाहेरून येणाऱ्या गरजूंना दाखल करत. येताना रुग्णाला काही रक्कम अनामत ठेवावी लागे. बरा झाला तर घरी परतण्याच्या भाड्यासाठी, आणि नाही झाला तर अंत्यविधीसाठी! वाचायला कठोर वाटतं, पण व्यवस्थापन व्यवहारी होतं. आणि याच व्यवस्थापनाने एक फार मोलाचं काम केलं. रुग्ण कशासाठी आला आणि जाताना कसा होता, याची नोंद ठेवली.

या नोंदींमध्ये एक गट लक्ष वेधून घेतो. हातापायातली शक्ती गेलेले, मनगट लुळं पडलेले, पोटात असह्य कळा येणारे रुग्ण. त्यांच्यात रंगारी होते, नळाचं काम करणारे होते, डेव्हन भागातून आलेले सायडर पिणारे होते. डॉ. जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिलं की डेव्हनमधल्या सफरचंदांच्या दारूत शिसं उतरत होतं, कारण रस काढण्याच्या यंत्रांमध्ये शिसं वापरलेलं असे. हे सगळे शिशाच्या विषबाधेचे रुग्ण होते. आणि यातले अनेक जण बाथमध्ये खरोखरच सुधारले. काही तर चालत घरी गेले.

पाण्यात औषध असेल का? लोकांना तेव्हा तसंच वाटलं. खरं कारण मात्र जास्त रंजक आहे, आणि ते तीन भागांत आहे.

पहिलं कारण अगदी साधं. तो रंगारी हॉस्पिटलमध्ये होता तेवढे आठवडे रंगकामाला गेला नाही. सायडरवाल्याला ती सायडर मिळाली नाही. विष शरीरात जाणंच थांबलं.

दुसरं कारण, विश्रांती आणि नियमित जेवण. कष्टकरी माणसाला आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच इतके दिवस हे मिळालं असेल.

तिसरं कारण पाण्याचंच, पण त्यातल्या खनिजांचं नव्हे. तुम्ही गळ्यापर्यंत पाण्यात बसता तेव्हा पाण्याच्या दाबाने पायातलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीराची समजूत होते की आत पाणी फार झालं. मग हृदयातून एक संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडांना निरोप जातो आणि लघवी वाढते. १९८० च्या दशकात बाथमधल्या डॉक्टरांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. गळाभर पाण्यात बसल्यावर लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं, आणि शिशाशी संबंधित काम करणाऱ्यांमध्ये शिसंही जास्त बाहेर पडतं, असं दिसलं. तेव्हा अठराव्या शतकातल्या त्या रुग्णांची सुधारणा निव्वळ समजूत नव्हती.

यात एक उपरोधही आहे. बाथमधल्या रोमन काळच्या मोठ्या हौदाच्या तळाला शिशाचेच पत्रे बसवलेले आहेत!

वाचकहो, आजकाल प्रत्येक स्पाच्या जाहिरातीत 'डिटॉक्स' हा शब्द असतो. म्हणून हा मुद्दा नीट लक्षात घ्या. इतिहासात जिथे खरोखर विष बाहेर पडलं, तिथे ते लघवीवाटे पडलं, घामातून नव्हे. आणि मुख्य म्हणजे विष घेणं आधी थांबलं होतं. घामातून प्रामुख्याने पाणी आणि मीठ जातं. आपलं डिटॉक्स केंद्र म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडं. ती चोवीस तास फुकट काम करतात. (आज कोणाला शिशाची बाधा झाली तर त्यावर प्रभावी औषधं आहेत. गरम कुंडावर विसंबू नये.)

चंपी विलायतेत गेली

आजच्या स्पामध्ये पाण्याइतकंच महत्त्व मसाजला आहे. त्यात आपल्या एका माणसाचा हात आहे. १७५९ मध्ये पाटण्यात जन्मलेले दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर राहिले, आयर्लंडला गेले, लंडनमध्ये १८१० मध्ये हिंदुस्तानी खाणावळ काढली, ती चालली नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचं स्नान आणि अंगमर्दन सुरू केलं. ते इतकं गाजलं की राजा चौथा जॉर्ज याच्या दरबारी 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून त्यांची नेमणूक झाली. शॅम्पू हा शब्द आपल्या चंपीच्याच घरचा. त्याचा मूळ अर्थ अंग रगडणं, चेपणं. केस धुण्याचा अर्थ नंतर आला.

दोन दहा वर्षांची मुलं

आता या इतिहासातला गंभीर भाग.

एकोणिसाव्या शतकात थंड पाण्याची लाट आली. व्हिन्सेंझ प्रीस्निट्झ हा सायलेशिया प्रांतातल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. गाडीच्या अपघातात मोडलेल्या बरगड्या ओल्या पट्ट्या बांधून बऱ्या झाल्या म्हणून त्याने पाण्याचे उपचार सुरू केले. ओल्या चादरीत गुंडाळणं, थंड पाण्याच्या धारा, भरपूर चालणं, साधं जेवण, दारू बंद. युरोपभर त्याची नक्कल झाली.

इंग्लंडमध्ये मॉल्व्हर्न इथे डॉ. जेम्स गली असेच उपचार देत. १८४९ मध्ये त्यांच्याकडे एक प्रसिद्ध रुग्ण आला, चार्ल्स डार्विन. उलट्या, पोटाचा त्रास, थरथर यांनी तो वर्षानुवर्षं बेजार होता. मॉल्व्हर्नला काही महिने राहून, कामाचे तास कमी करून, रोज चालून त्याला बरंच बरं वाटलं. घरी परतल्यावर त्याने बागेत थंड पाण्याच्या धारेची सोयही करून घेतली.

साहजिकच त्याचा विश्वास बसला. दोन वर्षांनी त्याची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली तेव्हा त्याने तिलाही मॉल्व्हर्नला डॉ. गलींकडे नेलं. एप्रिल १८५१ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ॲनी तिथेच गेली. तो आजार बहुधा क्षय होता, असं आज मानलं जातं. क्षयाचा जंतू सापडायला अजून एकतीस वर्षं होती आणि त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडायला नव्वदहून अधिक वर्षं. पाण्याने तिला मारलं असं कोणी म्हणणार नाही. पण जे उपचार वडिलांच्या थकलेल्या शरीराला पुरले, ते मुलीच्या आजारापुढे काहीच नव्हते. 'मला गुण आला, म्हणून तुलाही येईल' हे वाक्य घराघरात किती सहज बोललं जातं, याचा विचार करा.

दुसरा मुलगा आपल्या मुंबईतला. साल १९०२, गिरगाव. मोहनदास गांधींचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने फणफणला होता. बरोबर न्यूमोनिया, रात्री बरळणं. पारशी डॉक्टरांनी सांगितलं की औषधांचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधींनी नकार दिला. लाइपझिगच्या लुई कूने यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी मुलाला कटिस्नान दिलं, संत्र्याचा रस पाण्यात मिसळून दिला. ताप १०४ वर गेला तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळलं. मग मन शांत करायला चौपाटीवर रामनाम घेत फिरून आले. परत येऊन पाहतात तर मुलाला घाम फुटला होता आणि ताप उतरू लागला होता. पुढे चाळीस दिवस शुश्रूषा झाली आणि मणिलाल वाचला.

गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत लिहिला आहे. मुलगा देवकृपेने वाचला, पाण्याच्या उपचाराने वाचला की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडला. डॉक्टर म्हणून मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. त्यांनी डॉक्टरांना हाकललं नव्हतं. अधूनमधून येऊन नाडी आणि छाती तपासत राहा, अशी विनंती केली होती आणि डॉक्टरांनी ती मानली होती.

विषमज्वरावर तेव्हा खरोखरच औषध नव्हतं. ओल्या चादरीने ताप उतरवणं आणि शरीरातलं पाणी टिकवणं ही त्या काळी चांगली शुश्रूषाच होती. आज विषमज्वरावर प्रतिजैविकं आहेत. आज तोच निर्णय घेणं म्हणजे मुलाशी जुगार खेळणं होईल. १९०२ चा शहाणपणा आज जसाच्या तसा उचलता येत नाही.

हीच परंपरा पुढे पुण्याजवळ आली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला राहिले, गावकऱ्यांना निसर्गोपचार दिले आणि तिथला आश्रम सुरू झाला. मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि त्यांनी तो वाढवला.

मग आज काय उरलं?

प्रतिजैविकं आली, चांगली औषधं आली, आणि डॉक्टरी उपचार म्हणून स्नानाचं महत्त्व कमी झालं. बाथच्या सार्वजनिक पाण्यात १९७८ मध्ये एका मुलीला नेग्लेरिया या अमिबाची मेंदूला बाधा होऊन मृत्यू आला आणि ते पाणी स्नानासाठी बंद झालं. नव्या खोल विंधनातून पाणी घेऊन नवं स्नानगृह २००६ मध्ये उघडलं. हाच अमिबा कोमट गोड्या पाण्यात कुठेही असू शकतो. आपल्या केरळमध्येही अलीकडे त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो पाणी प्यायल्याने बाधत नाही, नाकातून वर गेल्याने बाधतो.

फायद्याच्या बाजूने सांगायचं तर गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, फायब्रोमायल्जिया यांत गरम पाण्याच्या स्नानाने दुखणं काही काळ कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. मात्र त्यातले अनेक अभ्यास लहान आहेत. फिनलंडमध्ये २,३१५ पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेतला गेला. २०१५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत आठवड्यातून ४ ते ७ वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. पण जो मुळात निरोगी आहे तोच रोज सौनात बसू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

फ्रान्समध्ये आजही डॉक्टर लिहून देतात तो स्नानोपचार अठरा दिवसांचा असतो. बाथ असो, मॉल्व्हर्न असो की उरुळी, गुण आला तो काही आठवड्यांच्या वेगळ्या दिनक्रमातून. आपण तो एका तासात विकत घ्यायला जातो. तास तसा वाया जात नाही, पण त्याच्या आगेमागे काय करता यावर बरंच काही ठरतं.

स्पाचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर

• पोटभर जेवून किंवा अगदी उपाशी जाऊ नका. दीड-दोन तास आधी हलकं खा. आधी आणि नंतर पाणी प्या. मद्य अजिबात नको.

• रोमन क्रम पाळा. आधी कोमट शॉवर, मग वाफ किंवा गरम पाणी, मग हळूहळू थंड. पहिल्या खेपेला १० मिनिटं पुरे. गरम पाणी ४० अंशांच्या आसपास असावं.

• उठताना आधी बसा, मग उभे राहा. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी उतरतं. बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या किंवा सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांना चक्कर येण्याचा धोका जास्त.

• मधुमेह असेल तर पाण्याचं तापमान पायाने पाहू नका, कोपराने पाहा. पायाची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही. इन्सुलिन घेत असाल तर उष्णतेने ते लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. जवळ खडीसाखर ठेवा.

• नैसर्गिक कुंडात डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. अंगावर जखम असेल तर उतरू नका.

• एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर मसाज करून घेऊ नका. तिथे रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोरदार मसाज टाळा.

• नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखत असलेला, हृदयाची झडप अरुंद असलेला, ताप असलेला माणूस आणि गर्भवती स्त्री यांनी वाफ, सौना आणि गरम टब टाळावा.

• मोबाइल लॉकरमध्ये ठेवा आणि नंतरचा अर्धा दिवस मोकळा ठेवा. ट्रॅफिकमधून धावत ऑफिस गाठलंत तर अर्धा फायदा रस्त्यातच सांडतो.

आणि कूपन नसलं तरी बिघडत नाही. गळ्यापर्यंत पाणी जवळच्या तरणतलावात मिळतं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याची आंघोळ केली तर झोप लवकर लागायला मदत होते. तेल, उटणं आणि ऊन पाणी आपण नरकचतुर्दशीला आवर्जून करतो. महिन्यातून एखाद्या रविवारी तेच केलं, बरोबर साधं जेवण आणि दुपारची निवांत झोप घेतली, तर बाथला जाणाऱ्यांना जे मिळत होतं त्यातलं बरंचसं घरीच मिळेल.

थकवा, ताण, आखडलेलं अंग यांसाठी स्पाला खुशाल जा. पण वजन कमी होत असेल, ताप हटत नसेल, छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी. पाणी थकलेल्याला विसावा देतं, आजाराचं निदान करत नाही.